रिक रुबिन कोण आहे? हिप-हॉप आणि रॉक गाजवणारा रेकॉर्ड प्रोड्यूसर

म्युझिक ॲपमध्ये गाण्याचे क्रेडिट्स उघडले की ‘प्रोड्यूसर’ म्हणून एक नाव दिसतं. सिनेमाचा निर्माता पैसे घालतो. रेकॉर्ड प्रोड्यूसर मात्र कोणतं गाणं घ्यायचं, कुठलं वाद्य ठेवायचं, कोणता टेक फायनल करायचा हे ठरवायला मदत करतो. अमेरिकेचा रिक रुबिन (जन्म १९६३) या कामातलं फार मोठं नाव. विशेष म्हणजे आपल्याला मिक्सरचा बोर्डसुद्धा चालवता येत नाही, असं त्याने २०२३ मध्ये टीव्हीवर सरळ सांगून टाकलं!

सुरुवात झाली हॉस्टेलच्या खोलीतून. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकतानाच, १९८४ मध्ये, रसेल सिमन्ससोबत त्याने ‘डेफ जॅम’ लेबल उभं केलं. एलएल कूल जेच्या ‘रेडिओ’ (१९८५) अल्बमवर त्याचं क्रेडिट ‘प्रोड्यूस्ड’ नाही, ‘रिड्यूस्ड’ असं छापलंय. म्हणजे घटवलेलं. ड्रम मशीनचा ठोका, थोडं स्क्रॅचिंग आणि रॅपरचा आवाज, बाकी जवळपास काही नाही. १९८६ मध्ये रन-डीएमसी आणि एरोस्मिथ यांचं ‘वॉक धिस वे’ आलं आणि रॅप रॉकच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचलं. त्याच वर्षी स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ आला. आख्खा मेटल अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो.

माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम जॉनी कॅशसोबतचं. साठी ओलांडलेला हा कंट्री गायक तेव्हा मागे पडला होता. रुबिनने त्याला गिटार दिली आणि एकट्यालाच गायला लावलं. बरीच गाणी तर रुबिनच्या घरीच रेकॉर्ड झाली. ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ (१९९४) ऐकताना कॅश समोर बसलाय असं वाटतं.

पण याच माणसाचं नाव मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरही (२००८) आहे. या अल्बममध्ये आवाज इतका दाबून चढवलाय की वेव्हफॉर्मची टोकं सपाट कापली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. ड्रमचा ठोका फाटल्यासारखा येतो. फोनचा व्हॉल्यूम कमी करूनही हे जात नाही, कारण बिघाड फाइलमध्येच आहे. ‘गिटार हीरो’ या गेममधली तीच गाणी कमी दाबलेली निघाली, तेव्हा चाहते जाम भडकले. मिक्सिंग रुबिनने स्वतः केलं नव्हतं हे खरं, तरी ‘रिड्यूस्ड’ म्हणवणाऱ्याने हे पास कसं केलं, हे कोडं मला सुटलेलं नाही.