कलकत्त्याचा बांबू आणि गळाची काठी

फराळाच्या ताटासोबत हातात घेतलेल्या अंकात मासे धरण्याच्या काठीचा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. शाकाहारी वाचकांनी लगेच पान उलटू नये. या लेखात एकही मासा शिजत नाही. ही गोष्ट आहे एका काठीची, आणि त्या काठीत आपल्याकडचा बांबू कसा शिरला आणि कसा विसरला गेला, याची.

इथे अमेरिकेत फिशिंग रॉड घरी बनवण्याची किट मिळतात. डब्यात एक 'ब्लँक' असते, म्हणजे कार्बनच्या तंतूंची पोकळ, निमुळती नळी. शिवाय कॉर्कची मूठ, रीळ बसवायची जागा, दोरी ज्यातून धावते त्या तारेच्या कड्या, त्या बांधायला धागा आणि वरून लावायला इपॉक्सी. गेल्या हिवाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी असं पहिलं किट निवडायची वेळ आली. यादी बघून ती म्हणाली, "बाबा, नळी फॅक्टरीतली, कड्या फॅक्टरीतल्या, मग आपण बनवलं काय?" प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो तो बराच आत गेलो.

गळ टाकणं आपल्याला नवं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1131 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद असलेला हाच तो ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असं प्रकरण आहे. कोणते मासे, कसला गळ, कुणाला कोणतं आमिष, सगळं पद्धतशीर सांगितलंय. इंग्रजीतलं गळाने मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक आलं 1496 मध्ये. त्यात काठी विकत कुठे घ्यावी हे नाही, तर हिवाळ्यात फांदी तोडून, वाळवून, पोखरून घरीच कशी करावी ते आहे. म्हणजे घरी काठी बनवणं हा नवा छंद नव्हे. तीच जुनी रीत. दुकानातून आणणं नंतरचं.

आता आमच्या न्यू जर्सीच्या शेजारी येऊ. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियातलं ईस्टन गाव लागतं. तिथे सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता, व्हायोलिनही करायचा. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठी करण्याचा अमेरिकेतला पहिला मान बहुधा त्यालाच देतात, काळ 1840 च्या दशकाचा. कल्पना साधी, पण हुशारीची. बांबूची ताकद असते बाहेरच्या सालीलगतच्या तंतूंत, आतला भाग मऊ. म्हणून बांबू चिरायचा, पट्ट्यांना त्रिकोणी आकार द्यायचा आणि साल बाहेर ठेवून चिकटवायच्या. सहा पट्ट्या, प्रत्येकीचा कोन 60 अंशांचा, की झाली भरीव षटकोनी काठी. सालीलगतचे तंतू जपायचे हे आपल्या बुरुडाला कुणी शिकवावं लागत नाही. सूप-टोपली विणताना तो तेच करतो.

हा बांबू कुठला? बाजारात त्याचं नाव होतं 'कलकत्ता केन'. हिंदुस्थानातला बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने निघायचा, म्हणून बंदराचं नाव त्याला चिकटलं. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत, आणि कारागिरांना त्यातून चांगला तुकडा निवडून काढावा लागे. मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लेनर्डने 1870 च्या दशकात सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा धंदा नावारूपाला आणला, तोही आधी याच बांबूवर. पट्ट्या अचूक कापणारं यंत्र त्याने तयार केलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं. 1881 मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल व्हॅलीला आला. एडवर्ड पेन, ईस्टिस एडवर्ड्स, फ्रेड थॉमस ही पुढे गाजलेली नावं त्याच्याच हाताखाली तयार झाली. त्यांच्या काठ्या आज संग्राहक जिवापाड जपतात, आणि काठीवर बनवणाऱ्याचं नाव असतं. बांबू तोडणाऱ्याचं, जंगलातून ओढून आणणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. आहे ते फक्त बंदराचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याची जागा चीनच्या 'टोंकिन' बांबूने घेतली. तो जास्त सरळ, पेरं लांब, भिंत जाड. गंमत अशी, की तो टोंकिनचा नाहीच. तो वाढतो दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, सुई नदीच्या काठच्या टेकड्यांवर. एफ. ए. मॅक्ल्यूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1931 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'अमाबिलिस' म्हणजे लोभस. इथेही व्यापाऱ्यांनी दिलेलं चुकीचं नाव टिकलं, आणि शेतकऱ्याला नाव मिळालंच नाही.

मग राजकारण आडवं आलं. कोरियाच्या युद्धाच्या वेळी, 1950 मध्ये, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. ही बंदी 1971 मध्ये उठली. तोवर बाजार फायबरग्लासने काबीज केला होता. डॉ. आर्थर हॉवल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतूंच्या काठीचा प्रयोग केला आणि मिशिगनच्या शेक्सपिअर कंपनीने ती काठी 'वंडररॉड' नावाने विकली. पुढे इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात 1960 च्या दशकात बळकट कार्बन तंतू तयार झाले. विमानासाठी शोधलेली वस्तू 1973 च्या सुमारास फेनविक कंपनीच्या काठीत आली. माझ्या मुलीच्या किटमधली नळी याच घराण्यातली.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. एव्हरेट गॅरिसन नावाचा न्यूयॉर्कचा इंजिनियर हौसेने बांबूच्या काठ्या करायचा. कुठे किती ताण येतो याचं गणित मांडून हाताने रंधा मारायचा. त्याच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये, होगी कारमायकेल (धाकटे) यांनी त्याची सगळी पद्धत मापांसकट पुस्तकात छापली. लेनर्डच्या कुलूपबंद खोलीतली विद्या अशी चव्हाट्यावर आली, चांगल्या अर्थाने! आज घरच्या टेबलावर काठ्या बनवणारे हौशी लोक अशाच मोकळेपणावर उभे आहेत.

आता किट घ्यायचं तर कसलं? माझं मत सांगतो. बांबूने सुरुवात करू नये, रंधा आणि साचे शिकण्यातच वर्ष जाईल. नऊ फुटी, चार तुकड्यांची, 'पाच वजना'ची कार्बनची नळी घ्यावी, ट्राउटला सोयीची. मूठ तयार आकाराची घ्यावी. मोटारीचं यंत्र नको, धागा हाताने गुंडाळायचा साधा लाकडी स्टँड पुरतो. नऊ-दहा कड्या बांधून होईपर्यंत हात बसतो. इपॉक्सी सावकाश सुकणारं घ्यावं, आणि सुकताना काठी हळूहळू फिरवत राहावी, नाहीतर थेंब खाली लोंबतात. किटमध्ये कड्यांमधल्या अंतरांचा तक्ता आहे ना, ते आधी बघावं. नळी वाकवून तिची कडक बाजू, तिला 'पाठ' म्हणू, शोधून खूण करावी. कार्बनचं कापड गुंडाळताना ते जिथे एकावर एक येतं, तिथे बहुधा ही पाठ असते. जुन्या काठ्यांच्या सांध्याला जर्मन सिल्व्हर असे, आपल्या आज्यांच्या डब्यांचं तेच! आता नळीच नळीत बसते.

आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर? कॉर्क भूमध्य सागराकडच्या झाडाची, नऊ-नऊ वर्षांनी सोललेली. तंतू विमानवाल्यांचे, पद्धत बंदुकवाल्यांची, मूळ कल्पना बांबूची. संपूर्ण एकट्याची काठी लेनर्डचीही नव्हती. आपलं असतं ते जोडणं, आणि कोणाकडून काय आलं हे ठाऊक असणं. मुठीच्या वर, इपॉक्सीखाली, बनवणारा आपलं नाव लिहितो अशी इथे रीत आहे. ते जरूर लिहावं. पण काठीसोबत एक चिठ्ठी ठेवावी आणि त्यात कलकत्त्याच्या बंदरातून गेलेल्या त्या बिननावाच्या बांबूचीही नोंद करावी, असं मी तिला सुचवलंय.