मागचं दार, पुढचं दार

दोस्तांनो, घर पाहायला गेलेल्या माणसानं त्या घरातला संडास वापरावा की नाही, यावर इतिहास लिहितोय म्हटल्यावर आपल्याच दोघातिघांनी नाक मुरडलं. एक म्हणाला, "क्रांतीचं लिव ना बाप्पा, हे हागण्यामुतण्याचं काय लिवतं?" मी म्हणतो, ज्या समाजानं माणसाची किंमत हागण्यामुतण्याशी बांधून टाकली, त्या समाजाचा इतिहास तिथूनच लिहायला पाहिजे. देवळाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. पाणवठ्याचा आपण लिहिला. संडासाचा राहिला.

आणि हा विषय आज आपल्या दारात आलाय. आपली पोरं शिकली. कोणी झेडपीत मास्तर, कोणी बँकेत, कोणी लाइनमन. कर्ज काढून अमरावतीत, अकोल्यात फ्लॅट पाहात फिरतात. रविवारी चार घरं पाहायची म्हटली की सकाळचा निघालेला माणूस दुपारपर्यंत उन्हात. सोबत म्हातारी आई असते, पोटुशी बायको असते, लेकरू असतं. शरीर काही वेळ विचारून चालत नाही. विकणारा परका, घेणारा परका. मग विचारायचं कसं, आणि विचारलं तर पुढचा काय म्हणेल? पांढरपेशा माणूस सहज विचारतो, "जरा बाथरूम वापरू का?" आपल्या माणसाच्या घशात तेच वाक्य अडकते. का अडकते, ते पाहू.

जुन्या शहरातल्या घराचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पुढं ओसरी, आत माजघर, स्वयंपाकघर, देवघर. न्हाणी मागच्या अंगाला. संडास त्याच्याही मागं, परसात, पार भिंतीला लागून. खाली टोपली नाहीतर डबा. ती टोपली बाहेरून काढायची, त्यासाठी घरांच्या पाठीमागून एक बोळ. पुढच्या दारानं पाहुणा यायचा, मागच्या बोळीनं मैला उचलणारी बाई. ती रोज त्या घरी यायची, पण तिनं ते घर आतून कधी पाहिलं नाही. नगरपालिका आल्या आणि हे काम पगारी झालं, पण ते करणाऱ्याची जात बदलली नाही. कित्येक शहरांत या कामासाठी उत्तरेकडून, गुजरातेतून कुटुंबं आणून वसवली. खेड्यात तर संडासच नव्हता. गावाबाहेर हागणदारी. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया उजाडायच्या आत डबा घेऊन निघत आणि मग दिवसभर पोट आवळून वावरात निंदत.

टोपलीच्या संडासाला कायद्यानं बंदी आली १९९३ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ४६ वर्षांनी. ती पुरली नाही म्हणून २०१३ साली दुसरा कायदा आला. गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली तो आकडा ३० लाख केला. आकडा वाढवावा लागला, कारण मरणं थांबली नव्हती. तर संडास ही घरातली एकच जागा अशी आहे, की जी साफ करायला आपला माणूस चालतो आणि वापरायला चालत नाही.

आता बडोद्याला चला. साल १९१७. अमेरिका आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. डोक्यावर छप्पर कोणी देईना. शेवटी एका पारशी सरायीत, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपयानं ते राहिले. या मुक्कामाची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वरच्या मजल्यावर एक लहान झोपायची खोली, तिला लागून नळ असलेली एक लहान न्हाणी, आणि बाकी एक मोठा हॉल, मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेला. एवढ्या विद्वान माणसानं लिहिताना ती न्हाणी आणि तो नळ विसरला नाही. का विसरला नाही, हे आपल्याला कळते. जिथं नळाला हात लावताना मागं वळून पाहावं लागत नाही, ती जागा माणूस जन्मभर ध्यानात ठेवतो.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणाले. बाबासाहेबांनी एका हिंदू मित्राला विचारलं. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला विचारलं. तो म्हणाला, बायको बाहेरगावी आहे, तिला विचारावं लागेल. दोघांपैकी एकानंही तोंडानं "नाही" म्हटलं नाही, हे ध्यानात घ्या. काठीवाल्यानं हाकललं आणि मित्रांनी शिष्टाचारानं हाकललं. मग हा माणूस पाच तास कामाठी बागेत बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला.

पुढं ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. तो ठराव कागदावरून तळ्यापर्यंत न्यायला २० मार्च १९२७ उजाडला आणि महाडला पाणी प्यावं लागलं. पण हा ठराव मुंबई इलाख्याचा. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. इथल्या माणसाला आपली लढाई वेगळी लढावी लागली. त्याच १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. प्रश्न अंबादेवीच्या दाराचा. देवळाचं दार, तळ्याची पायरी, धर्मशाळेची खोली: दार कोणतंही असो, उंबरठा एकच होता.

धर्मशाळेचं नाव निघालं म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव घेतो. गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव, जातीनं परीट. गावात शिरले की आधी हातात खराटा, मग कीर्तन. त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेबांनंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, ते अमरावतीजवळच गेले. सरकारनं २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. नाव दिलं ते ठीक. पण लोकांनी त्यांचा खराटा उचलला आणि अर्धी गोष्ट उकिरड्यावर टाकली. घाण करणाऱ्यानंच ती साफ करावी, ही अर्धी गोष्ट. ती उचलली असती तर मागची बोळ तेव्हाच बंद झाली असती.

आता कायदा. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता गेली. १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा आला, १९७६ साली तो कडक झाला आणि त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा पडलं. त्यातलं ४ थं कलम प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. त्या एकाच कलमात आपल्या दोन्ही गोष्टी आहेत: सार्वजनिक संडास वापरणं, आणि कोणत्याही वस्तीत राहायचं घर बांधणं, घेणं, त्यात राहणं. अस्पृश्यतेच्या कारणानं आडवं येणाऱ्याला कमीत कमी १ महिना, जास्तीत जास्त ६ महिने कैद आणि वर दंड. १२ वं कलम तर आणखी कामाचं. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असा गुन्हा घडला, तर तो अस्पृश्यतेपोटीच घडला असं कोर्ट गृहीत धरते. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं आरोपीवर.

पण नीट वाचा. कायदा सार्वजनिक संडासाचं बोलतो. खाजगी घरातल्या संडासावर पाहुण्याचा हक्क नाही. आपल्या घरातल्यावरही परक्याचा नाही. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत रीतभात असते. आणि जात आता तिथंच, रीतभातीच्या पदराआड जाऊन बसलीय. शहरात आता "तू अमक्या जातीचा, निघ" असं म्हणणारे थोडे. "आडनाव काय म्हणाले?" असं विचारणारे पुष्कळ. "आमची सोसायटी शाकाहारी आहे," असं सांगणारे त्याहून पुष्कळ. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सुप्रीम कोर्टानं चालू दिला. बडोद्याची सराय आठवली की नाही? अमरावती जिल्ह्यातूनच पुढं गेलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली भागात भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ साली छापून आली. घर तेच, विचारणाऱ्याचं नाव फक्त वेगळं. दलित नावाला नकार येत होता, मुसलमान नावाला त्याहून जास्त.

हे सारं आमच्या घरानंही पाहिलं. मी गिरणीत तिसरी पाळी करणारा माणूस. घर घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण दाजीला अमरावतीत फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून मी आणि आई सोबत गेलो. आईला साखरेची बिमारी. तिसऱ्या घरी तिला राहवेना. घरमालकीण बोलायला गोड. चहाचं विचारलं, आडनाव विचारलं. दाजीनं सांगितलं. आई म्हणाली, "बाई, जरा मोरीत जाऊन येऊ का?" बाई म्हणाली, "नळाले पाणी नाही ना हो आज." गच्चीवरची टाकी भरून वाहात होती, पाण्याचा आवाज खोलीत येत होता. आई काही बोलली नाही. रिक्षा करून आम्ही बसस्टँडवरच्या पैसे देऊन वापरायच्या संडासात गेलो. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "लघवीले बी आडनाव लागते काय रे?" कोणत्या कलमाखाली फिर्याद द्यायची याची? कोणत्याच नाही.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. ज्या काळ्या माणसांच्या पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांच्या देशात पेट्रोल पंपावरचे संडास गोऱ्यांसाठी वेगळे असत. काळी कुटुंबं लांबच्या प्रवासाला निघताना गाडीत रिकामा डबा ठेवत. व्हिक्टर ग्रीन नावाच्या एका टपाल्यानं १९३६ पासून एक पुस्तिका काढली: कोणत्या गावात काळ्या माणसाला खोली मिळते, जेवण मिळते, पेट्रोल मिळते. तीसेक वर्षं ती निघत होती. घरखरेदीतला भेद बंद करणारा कायदा तिथं एप्रिल १९६८ मध्ये झाला, मार्टिन ल्यूथर किंगचा खून होऊन आठवडा झाल्यावर. जात वेगळी, रंग वेगळा, डबा तोच.

मग आपण करायचं काय? माझं म्हणणं असं, की रीतभात त्यांच्या हाती सोडू नये. ती आपण आपल्या हातानं लिहावी.

पहिलं, सरळ विचारावं. एजंटाच्या कानात नाही, घरच्या माणसाला. "काकू, संडास वापरू का?" एवढंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि गयावया करण्यासारखंही नाही. बाईमाणूस सोबत असेल तर तिच्या वतीनं आपण बोलू नये. तिला विचारायचं असेल तर तिनं विचारावं.

दुसरं, पाण्याचं भान ठेवावं. "पाणी नाही" हे दर वेळी खोटं नसते. अकोल्याला उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येतो ते अकोलेकर जाणतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट, प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं. म्हणून विचारावं, "कोणत्या बादलीतलं घेऊ?" पाणी खरंच नसेल तर माणूस माठातलं तांब्याभर तरी पुढं करतो. जातीनं नाही म्हणणारा आडनाव ऐकल्यावर नाही म्हणतो. फरक तिथं कळतो.

तिसरं, नव्या बांधकामात सावध राहावं. भांडं बसवलेलं असते, पण खाली जोडणी झालेली नसते. तिथं घाण केली तर ती उचलायला कोण येईल, हे तुम्हाला माहीत आहे.

चौथं, घर घेणाऱ्यानं नळ सोडून पाहावा, टाकी ओढून पाहावी. हा व्यवहार आहे, उपकार नाही. पण कपाटं उघडू नयेत, घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. काम झाल्यावर पाणी टाकून, पाहून, मगच दार लावावं. टाकी चालली नाही तर तसं सांगावं. ते साफ करायला कामवाली बाई येते. ती कोणाची बहीण असते, हे मी सांगायला नको.

आणि पाचवं, आपल्या घरचं. आपण फ्लॅट घेतला, आता आपल्या दारात झाडूवाला येतो, मेहतर वस्तीतली बाई येते. तिनं "जरा आत जाऊ का?" म्हटलं तर आपण काय म्हणतो? काही सोसायट्यांत कामवालीला घरातला संडास बंद आहे. त्या सोसायट्यांत आता आपलीही नावं आहेत, दारावर निळी अक्षरं आहेत. तिथं "नळाले पाणी नाही" हे वाक्य आपल्या तोंडून निघालं, तर मागची बोळ आपणच पुन्हा खणली असं समजा.

येत्या रविवारी वस्तीवर बैठक आहे. नागरी हक्क कायद्याचं ४ थं आणि १२ वं कलम मोठ्यानं वाचू. ज्याला घर पाहताना असा अनुभव आला असेल त्यानं तारीख, वेळ, शब्द लिहून आणावेत. बायांनीही यावं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं आपल्यापेक्षा जास्त आहे.

जयभीम.