वऱ्हाडांतील मक्ते आणि मक्तेदार



मक्तेदार म्हटला कीं आज आपल्या डोळ्यांपुढें रस्ता बांधणारा, धरणाची माती उचलणारा अथवा नगरपालिकेचा कचरा वाहून नेणारा मनुष्य उभा राहतो. तो स्वतःच्या नांवानें, अगर स्वतःच स्थापिलेल्या कंपनीच्या नांवानें काम घेतो. काम झालें कीं सरकार त्याचें बिल चुकतें करतें, आणि 1972 सालीं आलेल्या तरतुदीनुसार प्राप्तीवरील कराचा कांहीं अंश त्या बिलांतूनच कापून घेतें. हा मक्तेदार कर देणारा. आपल्या वऱ्हाडांत दीडशें-दोनशें वर्षांपूर्वीं जो मक्तेदार होता त्याची रीत नेमकी उलटी होती. तो सरकारच्या वतीनें कर घेत असे. तोच त्याचा धंदा, आणि त्यासाठींच त्याची पेढी, त्याचे कारकून व त्याचे शिपाईप्यादे. सरकारचा बेत बदलला म्हणजे ह्या मक्तेदाराचें काय होई, आणि त्याच्या मागें उभ्या असलेल्या कुणब्याचें काय होई, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

1724 सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामुल्मुल्कास जय मिळाला आणि वऱ्हाड त्याच्या हातीं गेलें. तथापि नागपूरकर भोसल्यांनीं आपला हिस्सा कधीं सोडला नाहीं. एकाच गांवीं मोंगलांचा अंमलदार आणि भोसल्यांचा कमाविसदार असे दोघेहि वसुलास बसत. ही दोअमली कित्येक पिढ्या चालली. पुढें 1803 च्या नोव्हेंबरच्या 29 तारखेस आडगांव येथें इंग्रजांनीं भोसल्यांचा पराभव केला. हें आडगांव आपल्या अकोला जिल्ह्यांतलेंच. 15 डिसेंबरास गाविलगड पडला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनीं झालेल्या देवगांवच्या तहानें, कांहीं किल्ले व परगणे वगळतां, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला. धनी एक झाला. कुणब्यास वाटलें असेल कीं आतां एकाच घरचें देणें उरलें.

परंतु हैदराबादच्या खजिन्यांत पैसा नव्हता. इंग्रजांच्या आग्रहावरून ठेवलेल्या फौजेचा पगार महिन्याच्या महिन्यास द्यावा लागे, आणि वसूल यावयाचा तो हंगामावर. ही तूट भरून काढण्याची जबाबदारी तीन दशकांहून अधिक काळ राजा चंदूलाल यांच्यावर होती, आणि त्यांस ठाऊक असलेला उपाय एकच, तो म्हणजे मक्ता.

मक्त्याची रचना वरून पाहतां सरळ दिसते. परगण्याचा वसूल किती येईल याचा अदमास करून त्यांतील मोठी रक्कम जो आगाऊ भरील त्यास तो परगणा मिळे. भरलेली रक्कम, तीवरील व्याज, दरबारीं दिलेला नजराणा, प्याद्यांचा पगार आणि स्वतःचा नफा हें सर्व त्यास शेतांतूनच काढावयाचें असे. मोठा इजारदार आपला परगणा तुकड्यातुकड्यांनीं लहान इजारदारांस देई, ते पुढें पाटलांस गांठीत, आणि प्रत्येक पायरीवर कांहीं ना कांहीं चिकटून राही. यांतील खरी मेख मुदतीची होती. कागदावर मुदत कितीहि वर्षांची असली तरी दुसरा कोणी जास्त रक्कम घेऊन दरबारीं येईपर्यंतच ती खरी. पेरणीच्या वेळीं एक मक्तेदार आणि कापणीच्या वेळीं दुसरा, असेंहि घडे. पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ज्यास ठाऊक नाहीं तो कुणब्यास विहिरीसाठीं तगाई कशास देईल? त्याची नजर उभ्या पिकावरच राहावयाची. मक्तेदारांच्या लोभावर सर्व दोष ढकलून मोकळें होणें सोपें आहे. मला स्वतःला लोभापेक्षां ह्या अनिश्चितीचा अपराध मोठा वाटतो.

देशमुख, देशपांडे, पाटील व पटवारी मात्र वंशपरंपरेचे. मक्तेदार आला काय अन् गेला काय, त्यांचीं दफ्तरें जेथल्या तेथें असत, आणि त्यांच्यावांचून नव्या मक्तेदाराचें पानहि हालत नसे. अशा संधिकालांत त्यांनींहि आपला हात धुऊन घेतला नाहीं असें म्हणवत नाहीं.

ह्या व्यवहारांत शिरलेली पहिली मोठी पेढी पामर आणि कंपनीची. विल्यम पामर हा इंग्रज सेनापतीचा मुलगा, आई हिंदी. ब्रिटिश पार्लमेंटाच्या 1797 च्या कायद्यान्वयें, सरकारी संमतीवांचून युरोपियनांनीं देशी राजांस कर्ज देण्यास बंदी होती. 1816 सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं ह्या पेढीस ती संमति दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड याची पत्नी हेस्टिंग्जच्याच घरीं वाढलेली होती, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फौजेचा पगार पेढीनें द्यावा आणि मोबदल्यांत वऱ्हाड व औरंगाबादेकडील वसुलावर तिला वराता मिळाव्या, असें ठरलें. व्याजाचे दर ऐकून आजचा सावकारहि लाजेल. 1820 सालीं आणखी साठ लाखांच्या कर्जास मंजुरी मिळाली. त्याच वर्षीं हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यानें हिशेब उकरून काढले आणि मोठें प्रकरण माजलें. अखेर संमति काढून घेण्यांत आली. उत्तर सरकारांबद्दल ईस्ट इंडिया कंपनीनें निजामास दरसाल द्यावयाची 7 लाखांची पेशकश तिनें एकरकमी चुकती केली आणि तो पैसा पेढीचें देणें भागविण्याकडे गेला. पेढी मात्र लवकरच बुडाली. एका परवानगीवर उभी राहिलेली इमारत ती परवानगी जातांच बसली.

तिच्यानंतर पुरणमल नांवाच्या हैदराबादच्या सावकाराकडे वऱ्हाडचा बहुतेक भाग मक्त्यानें होता. 1839 सालीं त्यास काढून त्याचे परगणे पेस्तनजी आणि कंपनीस देण्यांत आले. ह्या पेढीविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण तिच्याकडे केवळ वसूल करणारी म्हणून पाहणें अन्यायाचें होईल. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे पारशी बंधु. मुंबई इलाख्यांत जकातीचे मक्ते घेऊन ते पुढें आले होते. 1838 च्या पहिल्या कायद्यानें त्या इलाख्यांतील अंतर्गत रहदारीच्या जकाती उठल्या. व्यापाऱ्यांस ही मोठीच सुटका होती. जकातीच्या मक्तेदारांस मात्र घरचें दार बंद झालें. निजामाच्या मुलखांतील व्यवहार त्यांस अधिक मोलाचा वाटूं लागला असल्यास नवल नाहीं.

वऱ्हाडशीं त्यांचा संबंध मात्र त्यापूर्वींचा, आणि तो कापसाचा. आपल्याकडील कापूस पूर्वीं बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून गंगाकांठीं मिर्झापुरास जात असे. 1825-26 सालीं ह्या पेढीनें वऱ्हाडचा कापूस पहिल्यानें मुंबईस धाडला. सर आल्फ्रेड लायल यांच्या 1870 च्या वऱ्हाड गॅझेटियरांत त्याचा हिशेब दिला आहे: पांचशें बैलांचे बोजे, प्रत्येकीं 240 पौंड, म्हणजे एकूण 1,20,000 पौंड रुई, किंमत 25,000 रुपये. पांचशें बैलांची ती रांग डोळ्यांपुढें आणावी. रस्ते नाहींत, नद्यांवर पूल नाहींत, आणि वाटेंत वळवाचा पाऊस गांठला तर रुईचा चिखल! पुढें पेढीनें शेतकऱ्यांस सढळ हातानें आगाऊ रकमा दिल्या व खामगांव इत्यादि ठिकाणीं कापूस दाबण्याचे दाब बसविले. खामगांव तेव्हां मोंगलाईंतलें एक गांव; इंग्रजी अंमलांत तें अकोला जिल्ह्यांत होतें आणि 1905 च्या फेररचनेंत बुलढाण्याकडे गेलें. औरंगाबादेस ह्याच पेढीनें पाडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून चाले. नाणें पाडण्याचा अधिकार सावकाराकडे जावा, यावरून राज्याचा दुबळेपणा किती होता तें दिसतें.

1841 सालीं चंदूलाल यांनीं कर्जफेडीदाखल वऱ्हाडच्या वसुलावर ह्या पेढीस मोठ्या वराता करून दिल्या. दोनच वर्षांनीं, 1843 सालीं, ते अधिकारावरून दूर झाले. खजिना तोंवर पार रिकामा झाला होता. नव्या कारभाऱ्यांस वऱ्हाडचा वसूल स्वतःकडे पाहिजे होता, आणि पेढीचें म्हणणें असें कीं आमचें देणें अजून फिटलें नाहीं. पेढीचे लोक जागा सोडीनात, तेव्हां बळाचा उपयोग करावा लागला आणि 1845 सालीं परगणे परत घेण्यांत आले. पेढी त्या धक्क्यांतून पुन्हा सांवरली नाहीं. दरबारचें वचन घेऊन लाखों रुपये ओतणाऱ्यास दरबारानेंच हांकून द्यावें, हा न्याय नव्हे. परंतु तितकाच खरा प्रश्न असा कीं, त्या वचनापायीं गहाण पडलेल्या शेतांच्या कुळांस कोणी विचारलें होतें काय?

पेस्तनजींनंतर वऱ्हाड ज्या कंपनीच्या हातीं गेलें ती सर्वांत मोठी. फौजेचा पगार तुंबला, कर्ज वाढलें, आणि 21 मे 1853 च्या तहानें निजामानें वऱ्हाड व इतर कांहीं जिल्हे ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केले. फौजेच्या खर्चासाठीं वसूल लावून द्यावयाचा, हीच पामरच्या वेळची वरात. फरक इतकाच कीं हा मक्तेदार हुसकावतां येण्याजोगा नव्हता. 1860 च्या तहांत 50 लाखांचें कर्ज माफ झालें, तरी वऱ्हाड परत गेलें नाहीं. 1902 सालीं लॉर्ड कर्झन यांनीं दरसाल 25 लाख रुपयांवर तें कायमच्या पट्ट्यानें घेतलें. इजारा हा शब्द कागदावर नसेल, वस्तु तीच. उलटपक्षीं, 1853 सालींच दिवाण झालेल्या सालारजंगांनीं निजामाच्या उरलेल्या मुलखांत मक्त्याची रीत मोडून पगारी अंमलदार नेमण्यास आरंभ केला, हें त्यांच्या श्रेयाचें आहे.

वऱ्हाडांत 1861 पासून मुंबईच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताचा सारा तीस वर्षांकरितां ठरला आणि शेत कसणाऱ्याचें नांव बुकांत चढलें. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला, आणि थोड्याच वर्षांत आगगाडी अकोल्यावरून बडनेऱ्यास आली. जमिनीस किंमत आली. किंमत आली म्हणून ती गहाणहि पडूं लागली, आणि मक्तेदार गेला त्या वाटेनें सावकार आला. तो विषय निराळा आहे. ओसाड गांवांसाठीं मात्र सरकारनें 1865 सालीं नवे नियम करून इजाऱ्याचीच रीत पुन्हा आणली. सारा वसुलीसाठीं नव्हे, तर जंगल तोडून वस्ती करण्यासाठीं, आणि ठरलेल्या मुदतीनें. यवतमाळकडे कांहीं गांवांच्या नांवापुढें आजहि ‘इजारा’ हा शब्द लावलेला आढळतो, तो त्या नियमांमुळें.