बोनेर सागरी उद्यान

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किमी. उत्तरेस व क्युरासाओच्या पूर्वेस वसलेल्या बोनेर बेटाभोवतीचे संरक्षित समुद्रक्षेत्र. बेटाचे क्षेत्रफळ २८८ चौ. किमी. असून क्रालेनडाइक ही त्याची राजधानी होय. १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेरला नेदर्लंड्सच्या विशेष नगरपालिकेचा दर्जा आहे. उद्यानाची हद्द भरतीच्या रेषेपासून ६० मी. खोलीपर्यंत धरलेली असून तीत पश्चिमेकडील क्लाइन बोनेर ह्या निर्जन बेटाभोवतीचे पाणी आणि आग्नेय किनाऱ्यावरील खारफुटीने वेढलेले लाक हे आखात यांचा समावेश होतो. एकंदर क्षेत्र सुमारे २,७०० हेक्टर भरते.

ज्या अवर्षणामुळे बोनेरची जमीन निवडुंग आणि काटेरी झुडुपे यांपलीकडे फारसे काही पिकवू शकली नाही, तेच अवर्षण तिच्या समुद्राच्या पथ्यावर पडले आहे. बेटावर एकही बारमाही नदी नसल्यामुळे गाळ समुद्रात वाहून येत नाही. पाणी इतके नितळ राहते, की तीस मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसावे. प्रवाळाचे जीवन त्याच्या पेशींत वस्ती करून राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांवर आणि शैवलांचे सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने ह्या नितळपणाचे मोल मोठे आहे. पाण्याचे तापमान वर्षभर साधारणतः २६° ते २९° से. राहते, व्यापारी वारे बाराही महिने पूर्वेकडून वाहत असल्यामुळे पश्चिम किनारा त्यांच्या आडोशाला येऊन शांत असतो, आणि चक्रीवादळांचे नेहमीचे मार्ग बेटाच्या उत्तरेकडून जातात.

येथील प्रवाळभित्ती किनाऱ्याला इतकी लगटून आहे, की तिच्या दर्शनासाठी नावेचीही गरज पडू नये. किनाऱ्यावरील प्रवाळखड्यांतून तोल सावरीत पाण्यात उतरलेला पाणबुड्या प्रथम वाळू आणि तुरळक प्रवाळ असलेल्या उथळ पठारावरून पोहत जातो. सुमारे दहा मीटर खोलीवर हे पठार संपून भित्तीचा उतार सुरू होतो, आणि तेथून खाली, प्रकाश निळा होत जातो त्या क्रमाने, घुमटाकार प्रवाळांच्या राशी, जांभळे नळीदार स्पंज, पाण्याच्या हेलकाव्याबरोबर डोलणारे मृदू प्रवाळ आणि आणखी खोलवर क्षीण प्रकाश टिपण्यासाठी पसरट पत्र्यांप्रमाणे वाढलेले प्रवाळ असे एकामागून एक थर त्याला दिसतात. पोपटमासे प्रवाळखडकावरील शैवल खरवडून खात असतात आणि त्यांच्या चोचींचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. देवमासे किंवा शार्क यांच्या भव्य दर्शनासाठी येथे कोणी येऊ नये. बोनेरचे वैभव बारकाव्यांत आहे. स्पंजाला शेपटीने विळखा घालून बसलेला समुद्रघोडा किंवा त्याच स्पंजाचा रंग धारण करून निश्चल राहिलेला फ्रॉगफिश हुडकण्यात जो अर्धी टाकी हवा आनंदाने खर्च करील, त्याच्यासाठी हे स्थळ आहे. रात्री टार्पन हे माणसाएवढे रुपेरी मासे पाणबुड्याच्या बत्तीच्या उजेडात शिकार साधतात. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री ऑस्ट्रॅकॉड नावाचे तांदळाच्या दाण्याहून लहान जीव मीलनासाठी स्वयंप्रकाशी ठिपक्यांच्या माळा उधळतात.

बेटाचा पूर्वेतिहास मात्र क्लेशकारक आहे. १४९९ मध्ये स्पॅनिश तेथे पोहोचले आणि १५१५ मध्ये त्यांनी मूळच्या काकेतिओ लोकांना गुलाम करून हिस्पॅनिओला बेटावर नेले. १६३६ मध्ये डचांचा अंमल बसला व दक्षिणेकडील मिठागरे हा महसुलाचा मुख्य आधार ठरला. मिठागरांत राबणाऱ्या सरकारी गुलामांसाठी १८५० मध्ये बांधलेल्या, माणसाला ताठ उभेही राहता येऊ नये अशा बुटक्या दगडी खोल्या किनाऱ्यावर अद्याप आहेत. गुलामगिरी १८६३ मध्ये कायद्याने रद्द झाली. आज त्या खोल्यांसमोरच पाण्यात उतरण्याच्या जागा आहेत. तेथे येणाऱ्याने उतरण्यापूर्वी त्या आतून पाहाव्यात.

बोनेरचे वैशिष्ट्य केवळ निसर्गदत्त नाही. कॅरिबियनमध्ये नितळ पाण्याची बेटे पुष्कळ आहेत. पण पाहुण्यांचा लोंढा येण्यापूर्वीच निर्बंध घालण्याचे शहाणपण फार थोड्यांना सुचले. सागरी कासवांच्या अंड्यांना १९६१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. १९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट (१९२५–२०१४) हा अमेरिकन खलाशी आपले गलबत घेऊन बेटावर आला व तेथेच स्थायिक झाला. पाणबुड्यांचा व्यवसाय येथे रुजविण्याचे श्रेय जसे त्याला जाते, तसेच नांगरांनी प्रवाळ मोडू नयेत म्हणून नावा बांधण्यासाठी कायमचे बोये बसविण्याच्या प्रथेचेही. १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यास व १९७५ मध्ये प्रवाळ, मग तो जिवंत असो वा मृत, काढण्यास मनाई झाली आणि १९७९ मध्ये उद्यान स्थापन झाले. परंतु पैशाअभावी काही वर्षांतच त्याचा कारभार थंडावला आणि नियम दप्तरात तेवढे उरले. १९९१ मध्ये व्यवस्थेची नव्याने घडी बसविण्यात आली व १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वार्षिक शुल्क घेण्यास प्रारंभ झाला. उद्यानाचा खर्च त्याचा आस्वाद घेणाऱ्यांनीच उचलावा, हे तत्त्व येथे पाहुण्यांनी तक्रार न करता मान्य केले, ही ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना समजली पाहिजे. उद्यानाचा कारभार स्टिनापा ही संस्था पाहते.

बुडी घेण्याच्या जागा ऐंशीहून अधिक असून त्यांपैकी बऱ्याच रस्त्यावरून थेट गाठता येतात. कडेला पिवळ्या रंगाने रंगविलेल्या दगडांवर त्यांची नावे लिहिलेली असतात. मिठाच्या धक्क्याचे खांब स्पंज व प्रवाळांनी मढलेले आहेत. मात्र जहाज लागलेले असताना तेथे उतरता येत नाही. ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज, त्यावर गांजाचा प्रचंड साठा सापडल्यानंतर अटकावून ठेवलेले असता १९८४ च्या सप्टेंबरात बुडाले. ते सुमारे ३० मी. खोलीवर उजव्या कुशीवर पडलेले आहे. त्या खोलीवर भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्यामुळे हवा झपाट्याने संपते व रक्तात नायट्रोजन अधिक मुरतो. म्हणून तेथील मुक्काम थोडा ठेवून सावकाश वर यावे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, हे बरे. उद्यानात हातमोजे घालण्यास बंदी आहे, कारण मोजे घातलेला हात प्रवाळाला धरण्यास कचरत नाही.

संकटे बोनेरलाही चुकलेली नाहीत. १९८० नंतरच्या काही वर्षांत उथळ पाण्यातील फांद्यांच्या प्रवाळांची वने रोगाने उजाड झाली, आणि त्याच सुमारास, १९८३–८४ मध्ये, शैवल खाऊन प्रवाळांना जागा मोकळी ठेवणाऱ्या काळ्या लांब काट्यांच्या सी-अर्चिनांचा कॅरिबियनभर संहार झाला. १९९९ च्या ‘लेनी’ वादळाने नेहमीच्या शांत पश्चिम किनाऱ्यावरच लाटा लोटल्या. २००९ मध्ये हिंदी व प्रशांत महासागरांतील लायनफिश येथे प्रथम दिसला. त्याला मारण्यापुरती परवानाधारक पाणबुड्यांना भाल्याची सवलत द्यावी लागली. पोपटमाशांच्या मासेमारीस २०१० मध्ये बंदी झाली; त्याच वर्षी पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, आणि २०२३ मध्ये पुन्हा तसेच घडले. कठीण प्रवाळांच्या ऊती झडवणारा सांसर्गिक रोगही २०२३ मध्येच येथे पोहोचला. तो पाण्यातून पसरत असून ओल्या साहित्याबरोबरही एका जागेहून दुसरीकडे जाण्याचा धोका असतो. म्हणून येथे येणाऱ्या प्रत्येकाने आपला पोशाख, पंख आणि हवेची उपकरणे दुसऱ्या जागी उतरण्यापूर्वी निर्जंतुक करून घ्यावीत.