बाखर बाबा आणि दरेवाडीची मेंढरं



आमच्या सोसायटीत तिसरी बोअर घ्यायची चर्चा चालू आहे. पहिल्या दोन्ही उन्हाळ्यात आटतात. संमतीचा कागद घरोघरी फिरून आमच्याकडे आला आणि आठ दिवस फ्रीजवर पडून आहे. मी सही का केली नाही, हे सांगायचं तर आधी एका धर्मगुरूची गोष्ट सांगावी लागेल.

माझी लेक अमेरिकेत असते. मध्यंतरी तिने मला एलेन बर्नस्टाइन या बाईंविषयी सांगितलं. त्यांनी १९८८ मध्ये 'शोमरेई अदामा', म्हणजे 'धरतीचे राखणदार', ही ज्यू समाजाची पर्यावरण संस्था काढली आणि पुढे त्या स्वतः रब्बी झाल्या. रब्बी म्हणजे आपला गहू-हरभऱ्याचा हंगाम नव्हे हं, ज्यूंचे धर्मगुरू! दर सातव्या वर्षी जमीन न पेरता तिला विसावा द्यावा, अशी त्यांच्या धर्मग्रंथात आज्ञाच आहे. हे ऐकून मी म्हटलं, "अगं, असा एक धर्मगुरू आपल्या नगर जिल्ह्यातच होऊन गेला. बाखर बाबा!"

त्यांचं नाव फादर हर्मन बाखर. मूळचे स्वित्झर्लंडचे, ख्रिस्ती धर्मातल्या जेझुइट संघाचे. १९४८ साली, ऐन तारुण्यात ते भारतात आले आणि पुढचं सारं आयुष्य त्यांनी इथल्या खेड्यापाड्यांना दिलं. गावकरी त्यांना बाखर बाबाच म्हणत.

माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. बाया-माणसं उन्हात खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी परदेशातून आलेला लाल मिलो घेऊन घरी यायची. वडिलांचं किराणा दुकान होतं. त्या वर्षी उधारीची वही भरून दुसरी लावावी लागली. वसुली किती झाली ते वडिलांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दुष्काळानंतर मदत म्हणजे विहीर, इंजिन नाहीतर कर्ज. ज्याची जमीन नाल्याकाठी, त्याचं भागलं. बाकीच्यांच्या विहिरी कोरड्या आणि डोक्यावर हप्ते. मी कॉमर्सची, म्हणून माझ्या भाषेत सांगते. सगळे खात्यातून पैसे काढायची नवी नवी खिडकी उघडत होते. जमा किती होतंय, हे बघणारं कुणी नव्हतं.

बाखर बाबांनी जमेची बाजू धरली. पाणलोट म्हणजे पावसाचं पाणी ज्या डोंगरउतारावरून एका ओढ्याला येतं, तो सगळा परिसर. काम माथ्यापासून सुरू करायचं. वर समतल चर, गवत आणि झाडं, मधल्या घळींत दगडांचे बांध, शेतांना बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी खाली बंधारा. आधी बंधारा बांधला तर वरची माती येऊन तो भरून जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. त्यात नाबार्डही होती. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली.

पैसा जर्मनीचा असला तरी अटी गावाला पाळायच्या होत्या. आधी श्रमदान, मग निधी. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. भूमिहीनांना आणि एकटीने घर चालवणाऱ्या बाईला श्रमदानातून सूट. मला ही शेवटची अट फार महत्त्वाची वाटते, कारण नियम करणाऱ्याला सहसा असं काही सुचत नाही.

खरी परीक्षा झाली संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत. तिथे १९९६ मध्ये काम सुरू झालं. डोंगर चराईला बंद करायचा म्हटल्यावर मेंढपाळ अडून बसले. त्यांचं तरी काय चुकलं? बंधाऱ्याचं पाणी शेतवाल्याच्या विहिरीत उतरणार आणि मेंढरं मात्र यांची उपाशी राहणार. धर्म आणि निसर्गावर प्रवचन देऊन हा प्रश्न सुटत नाही. पुष्कळ बोलणी झाली. अखेर सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. राखलेल्या भागात गवत वाढलं. २००१ पर्यंत मुख्य काम उरकलं. जिथे वर्षातून तीन-चार महिनेच शेतमजुरी मिळायची, तिथे नऊ-दहा महिने मिळू लागली. राबणारे हात अर्थातच गावाचे होते.

बाखर बाबा २०२१ मध्ये गेले. आपल्याला 'संयम' हा शब्द लहानपणापासून पाठ आहे. पण संयमाचा नियम केला की त्याचा भार कुणावर पडतो, हे मी दरेवाडीची गोष्ट वाचेपर्यंत कधी मोजलं नव्हतं.

आता सोसायटीकडे येते. मागच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तेव्हा खालचा सार्वजनिक नळ दुपारी बंद ठेवावा, असं मीच सुचवलं होतं. सगळ्यांना पटलं, कारण आमच्या घरातले नळ चालूच होते. त्या नळावर वॉचमनचं कुटुंब पाणी भरायचं. आमच्या चराईबंदीतली मेंढरं त्यांची होती! त्याच्या बायकोने मला तोंडावर काही म्हटलं नाही. पण दुपारी कळशी घेऊन ती समोरच्या बांधकामावर जाताना दिसायची.

म्हणून परवा कागदाच्या मागे हिशोब मांडला. गच्ची ४००० चौरस फूट. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर सुमारे १,८५,००० लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी दीड लाख लिटर कुठे गेले नाहीत. हे सगळं आज गटारात जातं. आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. मग आम्ही चाळीस माणसं का नाही?

हिशोबाखाली मी दोन ओळी लिहिल्या. गच्चीचं पाणी गाळून जुन्या बोअरमध्ये सोडू, आणि एक पावसाळा बघून तिसरीचं ठरवू. तोवर पाणी कमी पडलं तर कपात आधी वरच्या मजल्यांपासून, खालचा नळ सगळ्यात शेवटी.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. यांनी वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे पहिली बादली आपलीच?"

म्हटलं, हो. रविवारी मीटिंग आहे.