बाणाची काडी

जगातल्या मोठमोठ्या दारूगोळेवाल्यांना जे काम करायला काही पिढ्या लागल्या, ते मी एका दुपारी कोयत्याने उरकले होते. बाणाची काडी काढून टाकली होती. ही बढाई नव्हे. या पराक्रमाबद्दल आबांच्या हातचा प्रसादही मला त्याच दिवशी मिळाला होता.

हकिकत १९८८ सालच्या दिवाळीतली. आमचे गाव विंझर, नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे. एकीकडे राजगड, दुसरीकडे तोरणा. अशा ठिकाणी जन्मलेल्या पोराला पराक्रमाची खाज असायचीच. पण करायचे काय? महाराजांनी आमच्यासाठी म्हणून काही शिल्लकच ठेवले नव्हते! त्या वर्षी २५ फेब्रुवारीला श्रीहरिकोट्याहून 'पृथ्वी' क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली आणि त्याचे चित्र छापलेला कागद शेंगदाण्यांची पुडी होऊन माझ्या हाती आला. शेंगदाणे संपले, चित्र राहिले.

दिवाळीच्या फटाक्यांत चार बाण होते. चित्रातल्या क्षेपणास्त्राला काडी नव्हती, आमच्या बाणाला हातभर होती. हे मला कमीपणाचे वाटले. "सरकार काडी लावतंय का?" असे धाकट्या चुलतभावाला विचारून मी ती तोडली. मग जुन्या कॅलेंडरच्या पानाची नळी केली, पुढे पुठ्ठ्याचे टोक, मागे लग्नपत्रिकेचे चार पंख. एका पंखावर 'श्री गजानन प्रसन्न' होते, दुसऱ्यावर 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' सगळे कणकेच्या खळीने चिकटवले, वरून चुना फासला. लांबून पाहिले, तर अगदी 'पृथ्वी'! फार लांबून पाहायचे, एवढेच.

खळ्याच्या कडेला दोन विटांवर ते उभे केले. चुलतभावाने उलटी मोजणी सुरू केली. पण त्याला सगळे सुलटेच पाठ. दहा, नऊ, आठ, सात म्हणून तो पुन्हा आठवर गेला. शेवटी मीच "शून्य!" म्हणून उदबत्ती लावली.

'पृथ्वी' वर गेले. पुरुषभर गेले असेल. तिथे त्याला आपले नाव आठवले असावे. ते वाकले, जमिनीच्या अंगाने आम्हा दोघांच्या मधून सुटले आणि कुंपण ओलांडून शेजारच्या काकूंच्या पेंढ्याच्या गंजीत शिरले. हळव्या भाताची मळणी नुकतीच झालेली, पेंढा वाळून कडकडीत. सरकारला 'पृथ्वी'वरून 'अग्नी'वर यायला पंधरा महिने लागले. 'अग्नी' २२ मे १९८९ रोजी उडाले. आम्हाला पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

गाव धावले. हंडे, कळश्या, घागरी, मिळेल त्यातून पाणी ओतले. निम्मी गंजी वाचली. पण धुराने कोंदलेल्या, भिजलेल्या पेंढ्याला गुरे कुठे तोंड लावतात? काकू एकट्या. दोन बैल आणि तुकडाभर भातखाचर, एवढाच त्यांचा संसार. ती गंजी म्हणजे बैलांचे वर्षाचे खाणे. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

बोलले ते आबा. आधी हाताने बोलले, मग तोंडाने.

"का रं, पतंगाला शेपूट लावतोस न्हवं?"

"हो."

"का लावतोस?"

"गटांगळी खाऊ नये म्हणून."

"मंग ह्येचंच का तोडलंस?"

आबा शाळेत गेलेले नव्हते. मी सातवीत होतो. मला उत्तर आले नाही.

पुढे मोठेपणी पुस्तके चाळताना कळले की, हा प्रश्न आबांच्या आधी पुष्कळांना पडून गेला होता. आपला दिवाळीतला 'बाण' मुळात रणांगणावरचा. बखरींत तोफांबरोबर बाण येतात, ते धनुष्याचे नव्हेत. दारू भरलेली नळी आणि तिला बांधलेला लांब बांबू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नजीबाची फौज एका वेळी दोन-दोन हजार बाण सोडत होती, असे ती लढाई पाहणाऱ्या काशिराजाने लिहून ठेवले आहे. समोर जनकोजी शिंद्यांचे लोक होते. त्या आवाजाने घोडे बिथरत.

मग हैदर आणि टिपूने नळी लोखंडाची केली. लोखंड आतला दाब जास्त सोसते, त्यामुळे बाण किलोमीटरच्या पलीकडे जाऊ लागला. १० सप्टेंबर १७८० ला पोलिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा चटका खाल्ला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडात वुलिचला गेले आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हने आपले बाण बनवले. पण एवढ्या शहाण्या माणसालाही काडी टाकण्याचा धीर झाला नाही. १८१५ मध्ये त्याने ती बाजूची मधोमध आणली, बस्स. काडी खरी गेली ती १८४४ मध्ये. विल्यम हेलने झोताची भोके तिरपी करून बाण भोवऱ्यासारखा फिरवला, तेव्हा तो काडीवाचून सरळ जाऊ लागला.

यातले मर्म आबांच्या पतंगाचेच. वजनाचा मध्य पुढे हवा आणि वाऱ्याचा रेटा त्याच्या मागे बसायला हवा. म्हणजे वाकडे झालेले तोंड वाराच सरळ करतो. काडी तेच करते. पंखही करतात, पण वेग आल्यावर. म्हणून खेळण्यातल्या रॉकेटलाही वेग येईपर्यंत धरून ठेवणारी मीटरभर सळई लागते. माझ्याकडे दोन विटा होत्या. खऱ्या 'पृथ्वी'च्या पोटात दिशा सांभाळणारी यंत्रे होती. माझ्या 'पृथ्वी'च्या पोटात कॅलेंडरचा जुलै महिना होता.

फसलेले थोर लोकही आहेत. अमेरिकेच्या गॉडर्डने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले. इंजिन वर आणि टाक्या खाली ठेवल्या की ते ओढल्यासारखे सरळ जाईल, असा त्याचा हिशेब. तसे काही होत नाही. अडीच सेकंदांत ते साडेबारा मीटर चढले आणि नातेवाईक बाईंच्या मळ्यात कोबीवर पडले. कोबी पेट घेत नाही. गॉडर्डमध्ये आणि माझ्यात फरक पडला तो इथे.

आबांनी आमच्या गंजीतला निम्मा पेंढा काकूंना दिला. तो डोक्यावरून वाहायचे काम माझ्याकडे होते. पाडवा आणि भाऊबीज मी भाऱ्याखाली साजरी केली. उन्हाळ्यात आमच्याच गोठ्यात वैरण तोकडी पडली आणि आबांनी दुभती म्हैस विकली. का विकली, ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही. बिनदुधाचा चहा मात्र आम्ही दोघे शेजारी बसून प्यायचो.

पुढच्या दिवाळीला काकूंनी आमच्याकडे करंज्यांचे ताट पाठवले, नेहमीपेक्षा भरलेले. स्वतः मात्र भरलेली कळशी घेऊन गंजीपाशी बसून राहिल्या. दिवाळी संपेपर्यंत.