अर्धा पडदा

पूर्वी मुंबईत आमच्यासारख्यांच्या घरी खिडकीला अर्धाच पडदा असे. स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला, खालच्या निम्म्या भागापुरता. रस्त्यावरच्याला आतलं दिसू नये आणि वरून वारा यावा, एवढाच हिशेब. (कापडही निम्मंच लागे, हे खरं कारण!) ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं, ब्लॅकआउट आला आणि हा हिशेब उलटला. आता पाहणारा रस्त्यावर नव्हता, आकाशात होता. वरची काच उघडी ठेवून चालेना. शेजाऱ्यांनी काळे कागद चिकटवले. आईने जुन्या गर्द नऊवारीची चौपदरी घडी घालून पडद्याला वरून जोड दिला, तार चौकटीच्या माथ्याशी नेली. १७ तारखेला युद्धबंदी झाली. कागद निघाले. आमचा जोड मात्र तसाच होता. मामा आघाडीवर होता. त्याचं पत्र आलं त्या दुपारी आईने तो उसवला.